पाळी गेली, विटाळ गेला नाही

मराठीत ‘विटाळ’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला गेला. एक बाईच्या पाळीसाठी आणि दुसरा आपल्या जातीच्या स्पर्शासाठी. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी या दोन्ही गोष्टी एकत्र धरून विटाळ मानणाऱ्यांनाच प्रश्न विचारला होता. देह जर विटाळातूनच घडतो, तर सोवळा कोण उरतो? सातशे वर्षं झाली, उत्तर आलेलं नाही.

पाळीचा विटाळ पाळी गेल्यावर तरी संपायला हवा. पण आपल्या घरांतल्या पन्नाशी-साठीच्या कितीतरी बायकांना तेव्हा दुसराच त्रास सुरू होतो. मराठीत त्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. इकडे जबलपूरला ‘बच्चेदानी खिसक गई’ म्हणतात. पाणी जातं, आग होते, वास येतो, लघवी अडते किंवा नकळत होते. मग ती बाई लग्नाकार्याला जायचं टाळते. लांबच्या बसप्रवासाला नाही म्हणते. घरात वेगळा कोपरा धरून बसते. ज्या वयात कुणी तिला विटाळशी म्हणणार नसतं, त्या वयात ती स्वतःलाच तसं वागवू लागते.

मी जबलपूरची. आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत कामाला आले आणि घर इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत हिंदी. घराण्यात पहिली पदवी माझी, सूक्ष्मजीवशास्त्रातली. जिवाणू हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. म्हणून आज एका अशा विषयावर लिहिते आहे ज्याचं नाव काढलं तरी आपल्याकडे खोलीत शांतता पसरते: पाळी गेलेल्या बाईच्या योनीमार्गातले जिवाणू, आणि अंग बाहेर आलेल्या बाईच्या बाबतीत त्यांचं काय होतं. जातीविरोधी लेखनाच्या जागेवर हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. माझं म्हणणं असं आहे की याची जागा इथेच आहे.

आधी अंग बाहेर का येतं ते पाहू. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून स्नायूंचा आणि तंतूंचा एक पाळणा तोलून धरतो. बाळंतपणात तो ताणला जातो, कधी फाटतो. बाळंतपणं जास्त झाली, प्रसूती फार वेळ अडली, तर इजा जास्त. नंतर पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हे तंतू आणखी सैल पडतात. त्यावर जड ओझं, चुलीच्या धुराने किंवा तंबाखूच्या धुळीने लागलेला जुना खोकला, आणि बद्धकोष्ठता. पोटातला दाब सतत खाली ढकलत राहतो. एक दिवस योनीमार्गाची भिंत किंवा पिशवीचं तोंड बाहेर डोकावतं.

ही कारणं पाठ्यपुस्तकात अशीच दिलेली असतात, एकाखाली एक. आता प्रत्येक कारणासमोर एक बाई उभी करून बघा. बाळंतपणानंतर पंधरा-वीस दिवसांत डोक्यावर विटा घेणारी कोण? पोटाशी पोर बांधून धान रोवायला वाकणारी कोण? तेंदूच्या पानात तंबाखू भरत दिवसाला शेकडो बीड्या वळणारी कोण? जबलपूर बीडीचं जुनं केंद्र आहे, इथे हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाठ्यपुस्तक ज्याला ‘जोखमीचे घटक’ म्हणतं, ती आपल्या बायकांची दिनचर्या आहे. आणि ती दिनचर्या कुणाच्या वाट्याला यावी हे या देशात जन्मानेच ठरत आलं आहे.

बाबासाहेबांना हे १९२८ मध्येच दिसलं होतं. त्या वर्षी मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्याची बाजू मांडली. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार समाजाने उचलायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ मध्ये कायदा झाला. आपण त्याकडे कामगार कायदा म्हणून बघतो. पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर तो त्या स्नायूंच्या पाळण्याला भरून यायला वेळ देणारा कायदा होता. आज २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्याच वर्षी असंघटित कामातल्या बाईसाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली आणि तिला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळाले. पाच हजारांत २६ आठवडे घरी बसता येत नाही. ती पंधरा दिवसांत कामावर जाते आणि त्याची किंमत तिचं शरीर तीस वर्षांनी चुकवतं.

आता जिवाणूंकडे येते.

निरोगी योनीमार्ग जंतुमुक्त नसतो. तो जिवाणूंनी भरलेला असतो. १८९२ मध्ये अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने तिथल्या एका दंडगोलाकार जिवाणूचं वर्णन केलं. आज त्या कुळाला आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दह्यातल्या जिवाणूंचं हे नातेवाईक कूळ. इस्ट्रोजेन असतं तोवर योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना तिथे घर करणं अवघड जातं. म्हणजे त्या जागेचं रक्षण करणारे जिवाणूच आहेत. सोवळ्याच्या कल्पनेला याहून मोठा धक्का प्रयोगशाळेत मला दुसरा दिसला नाही.

पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन कमी होतं. पुष्कळ बायकांमध्ये लॅक्टोबॅसिलस मागे हटतात, पीएच पाचच्या वर जातो आणि आतड्याकडचे व इतर जिवाणू तिथे वस्ती करतात. कोरडेपणा, आग, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग यांचा उगम इथे असतो. ज्या बाईचं अंग बाहेर आलं आहे तिच्यात याशिवाय आणखी काही घडतं. जो भाग आत ओलसर असायला हवा तो हवेत येतो, कोरडा पडतो, कातड्यासारखा जाड होतो. लुगड्याला, परकराला घासून त्यावर जखम होते. लघवी पूर्ण सुटत नाही, थोडी आत साचते आणि तिथे जंतू वाढतात. म्हणजे जिवाणूंची वस्ती बदलायला दोन कारणं एकाच वेळी लागू होतात: संप्रेरकाचं घटणं आणि जागेचं उघडं पडणं. यातलं पहिलं प्रत्येक बाईला येतं. दुसरं बऱ्याच अंशी तिने आयुष्यभर केलेल्या कामावर आणि तिला न मिळालेल्या विसाव्यावर ठरतं.

या सगळ्यात अस्वच्छता कुठे आहे? कुठेच नाही. तरी आपल्या बायकांना सर्वांत आधी ऐकवलं जातं ते हेच.

माझ्या मामीचं उदाहरण सांगते. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. वय अठ्ठावन्न, तरुणपणी बांधकामावर विटा वाहिल्या, नंतर बीड्या वळल्या. पाच बाळंतपणं, पाचही घरीच, दाईच्या हातून. या भागात दाई बहुधा बसोर समाजाची. जिचा हात लागल्याशिवाय कुणाचं पोर जगात येत नव्हतं, तिच्याच हातचं पाणी मात्र कुणी घेत नव्हतं. मामीचं अंग सहा-सात वर्षांपासून बाहेर येत होतं. ती कापड कसून बांधायची आणि कामाला बसायची. शेवटी पांढरं पाणी आणि वास वाढला म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात गेली. तिथे टेबलावर झोपवून कुणी तपासलं नाही. नाव विचारलं, मोहल्ला विचारला, गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, “साफ-सफाई रखा करो.”

मामीने सांगितलेलं मनापासून केलं. दिवसातून तीनदा जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुऊ लागली. आग वाढली, जखम चिघळली. उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस असतील तर तेही त्या पाण्याबरोबर गेले. दुसऱ्या ठिकाणी एका डॉक्टर बाईंनी तिला पहिल्यांदा नीट तपासलं. आत रिंग बसवली आणि इस्ट्रोजेनचं मलम दिलं. तीन महिन्यांत मामी बसने मुलीच्या गावाला जाऊन आली.

“साफ-सफाई रखा करो” या वाक्यात दोन विटाळ एकत्र आले आहेत. मोहल्ला ऐकून आलेला एक आणि बाईचा अवयव आहे म्हणून आलेला दुसरा. तपासणीचा हातमोजा न चढवताच निदान झालं.

हे मामीपुरतं नाही. शासकीय दवाखान्यांत लैंगिक आजारांसाठी नाकोने रंगीत औषधांची किटं दिली आहेत. योनीतून स्राव जात असेल तर हिरव्या रंगाचं किट क्रमांक २. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतात, एक काही जिवाणू आणि एकपेशीय परजीवी यांच्यावर, दुसरं बुरशीवर. तरुण वयातल्या संसर्गावर हे किट उपयोगी आहे आणि खेड्यात प्रयोगशाळा नसताना त्याने पुष्कळ बायकांचं भलं केलं आहे. पण साठीच्या बाईचा स्राव अस्तर सुकल्यामुळे किंवा बाहेर आलेल्या भागावरच्या जखमेमुळे असेल, तर किट काहीच करत नाही. ती पुन्हा येते, पुन्हा किट मिळतं. मग ती यायची थांबते.

प्रयोगशाळेतही हीच अडचण आहे. योनीतल्या जिवाणूंचं संतुलन मोजायला आम्ही १९९१ ची न्यूजेंट पद्धत वापरतो. काचेवर नमुना पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली लॅक्टोबॅसिलस किती दिसतात ते मोजायचं आणि ० ते १० असे गुण द्यायचे. लॅक्टोबॅसिलस कमी तर गुण जास्त, सात किंवा वर गेले की आजार. ही पद्धत गर्भवती स्त्रियांच्या नमुन्यांवर बसवलेली होती. पाळी गेलेल्या बाईला तीच पट्टी लावली तर तिचं वय हाच तिचा आजार ठरतो. अहवालात ‘असामान्य’ असं छापून येतं आणि घरातले लोक त्याचा अर्थ आपल्या परीने लावतात.

‘सामान्य’ कोण हे कुणाच्या शरीरावरून ठरलं, हा प्रश्न आपण जातीच्या संदर्भात नेहमी विचारतो. तो इथेही विचारायला हवा. २०११ मध्ये जॅक रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९६ निरोगी तरुण स्त्रियांच्या योनीतले जिवाणू जनुकीय पद्धतीने तपासले. गोऱ्या आणि आशियाई स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्क्यांमध्ये लॅक्टोबॅसिलसचं प्राबल्य होतं. काळ्या आणि हिस्पॅनिक स्त्रियांमध्ये ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं. या सगळ्या स्त्रियांना कोणताही त्रास नव्हता. म्हणजे त्या चाळीस टक्के काळ्या स्त्रियांना रोगी म्हणायचं, की निरोगी असण्याची व्याख्या अपुरी होती असं म्हणायचं? संशोधकांनीही हा प्रश्न गंभीरपणे घेतला.

आपल्याला यातून धडा घ्यायचा आहे तो सावधगिरीचा. शंभरेक वर्षांपूर्वी रिस्लेने आपल्या लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड लावली. उद्या कुणी आपल्या बायकांचे जिवाणू मोजून ‘अमुक जातीच्या स्त्रियांमध्ये रोगट जिवाणू जास्त’ असा मथळा छापू शकतो. संशोधनात जातीची नोंद व्हायलाच हवी, नाहीतर अन्याय दिसणारच नाही. पण जात हे रक्तातलं कारण म्हणून नोंदवायचं नाही. ती नोंद वाचताना विचारायचं की या बाईला बाळंतपणानंतर किती दिवसांची विश्रांती मिळाली, किती किलो ओझं उचललं, आंघोळीला आडोसा होता का, पाणी कुठून येत होतं, आयुष्यात किती वेळा तिची योग्य तपासणी झाली.

हा शेवटचा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला होता. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या वेळी सरकारला खेड्यातल्या बाईच्या शरीरात कुटुंबनियोजनापलीकडे रस नव्हता. या अभ्यासाने जगाला सांगितलं की बाई गर्भवती नसतानाही आजारी असते.

पण आपली मोजणी अजूनही पुनरुत्पादनाच्या वयापाशीच अडकलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जे देशातलं सर्वांत मोठं आरोग्य सर्वेक्षण मानलं जातं, ते १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची मुलाखत घेतं. पन्नाशीला बाई त्या यादीतून बाहेर. आशाताईला मोबदला मिळतो तो मुख्यतः बाळंतपण, लसीकरण, नसबंदी यांच्यासाठी. मूल जन्माला घालणं संपलं की बाईची गरजही संपली, असा या सगळ्याचा अर्थ निघतो.

यात आणखी एक आकडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ च्या अहवालात भारतातल्या स्त्रियांच्या मृत्यूच्या सरासरी वयाची तुलना दिली: दलित स्त्री ३९.५ वर्षं, उच्च जातीतली स्त्री ५४.१ वर्षं. हे २००४-०५ च्या पाहणीतल्या मृत्यूंचं सरासरी वय आहे, आयुर्मान नाही, हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा. तरीही अंतर १४.६ वर्षांचं आहे. म्हातारपणाचे आजार होण्याइतकं जगणंसुद्धा सर्वांच्या वाट्याला सारखं येत नाही. जी जगली तिला तरी ते सुखाने जगता यावं.

उपाय म्हणून आपल्या बायकांसमोर बहुतेक वेळा एकच गोष्ट ठेवली जाते: पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यातल्या कितीतरी जणी पांढरं पाणी, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेल्या होत्या. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. पाळीमुळे खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो हीही भीती होतीच. आता जिवाणूंच्या बाजूने हा प्रश्न पाहा. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी स्थिती येते, म्हणजे अस्तर सुकणं आणि लॅक्टोबॅसिलस घटणं वीस वर्षं आधी सुरू होतं. आणि पिशवी काढली म्हणजे अंग बाहेर येणार नाही असंही नाही. आधार सैल असेल आणि ओझं तेच असेल तर योनीमार्गाचं वरचं टोकच खाली सरकतं. काही जणींना शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण तो शेवटचा पर्याय असायला हवा आणि निर्णय त्या बाईचा असायला हवा.

मधले पर्याय फार महाग नाहीत. रिंग, म्हणजे पेसरी, ओपीडीत बसवता येते. ठरावीक महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे पाहून परत बसवायची. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, सुरुवातीच्या अवस्थेत त्यांचा उपयोग होतो. आणि इस्ट्रोजेनचं मलम. १९९३ मध्ये राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी पाळी गेलेल्या, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर अभ्यास केला. एका गटाला योनीत लावायचं एस्ट्रिऑलचं मलम, दुसऱ्याला औषध नसलेलं मलम. औषध नसलेल्या गटात एका बाईला वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, मलम लावणाऱ्या गटात ०.५ वेळा. महिनाभरात मलमाच्या गटातल्या ६१ टक्के जणींमध्ये लॅक्टोबॅसिलस परत आले. तीस वर्षं जुनी ही माहिती आहे. अर्थात मलम डॉक्टरांना विचारूनच लावायचं, विशेषतः स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर आधी तपासणी, उशीर करायचा नाही. पण हे पर्याय आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

या आजाराच्या वैद्यकीय इतिहासात मराठी नावं मोठी आहेत. गोव्यातले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पिशवी न काढता ती वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया शोधल्या. त्या आजही त्यांच्या नावाने शिकवल्या जातात. अशा शस्त्रक्रिया शोधाव्या लागल्या, कारण आपल्याकडे मूल हवं असलेल्या तरुण बायकांचंही अंग बाहेर येत होतं. डॉक्टरांचं कौशल्य मान्य करूनच विचारते, त्या तरुण बायकांवर ही वेळ का आली याचं संशोधन कुणाच्या नावावर आहे?

शेजारच्या नेपाळमध्ये हा प्रश्न २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचं अंग बाहेर येणं हे त्यांच्या पुनरुत्पादक हक्कांचं उल्लंघन आहे, असं तिथल्या न्यायालयाने मान्य केलं आणि सरकारला पावलं उचलायला सांगितलं. आजाराला हक्काची भाषा मिळाली. आपल्याकडे तो अजून बाईच्या नशिबाचा भाग आहे.

जबलपूरपुरतं बोलायचं तर इथे काय नाही? १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८४ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याला वाहिलेली संशोधन संस्था आहे. आजूबाजूला मंडला, डिंडोरी, बालाघाट, सिवनी. गोंड, बैगा बायका, बीडी वळणाऱ्या बायका, खाणीवरच्या बायका. पाळी गेलेल्या आणि अंग बाहेर आलेल्या व न आलेल्या स्त्रियांच्या जिवाणूंची तुलना करायची असेल, तर याहून योग्य जागा कोणती? फक्त तो अभ्यास नीट व्हायला हवा. अंग बाहेर आलेली बाई वयाने मोठी असेल, जास्त गरीब असेल, तिने जास्त प्रतिजैविकं खाल्ली असतील, तर तिच्या जिवाणूंमधला फरक नेमका कशाचा हे कळणार नाही. वय, पाळी जाऊन झालेली वर्षं, रिंग आहे का, मलम लावते का, आतून धुते का, हे सगळं जुळवून तुलना करावी लागेल. नमुना देणाऱ्या बाईला तिच्या भाषेत, गोंडीत, बघेलीत, मराठीत, कशासाठी हे सांगावं लागेल. आणि निष्कर्ष छापून झाल्यावर तिला रिंग, मलम, उपचार मिळाले पाहिजेत. तिचा नमुना घेऊन तिला तसंच घरी पाठवणं हीही एक जुनी वेठच आहे.

म्हणून मागण्या अशा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याचा एक ठरलेला दिवस, ज्या दिवशी पन्नाशीच्या पुढच्या बायकांची पडदा असलेल्या खोलीत स्त्री कर्मचाऱ्याकडून तपासणी होईल. तिथे वेगवेगळ्या मापांच्या रिंगा आणि इस्ट्रोजेनचं मलम मोफत. आशाताईच्या कामाच्या यादीत या बायकांची विचारपूस आणि त्यासाठी मोबदला. सर्वेक्षणांत ४९ वर्षांपुढच्या स्त्रिया. आणि असंघटित कामातल्या प्रत्येक बाईला बाळंतपणानंतर घरी राहता येईल इतकी मजुरी. ही शेवटची मागणी पूर्ण झाली तर पहिल्या मागण्यांची गरजच पुढच्या पिढीत कमी होईल.

आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झाले आहेत किंवा होणार आहेत, त्यांनी एवढं करावं: टेबलावर आलेल्या म्हाताऱ्या बाईला तपासल्याशिवाय गोळी लिहू नये, आणि स्वच्छतेवरून तिला बोल लावू नये. जे प्रयोगशाळेत आहेत त्यांनी अहवालावर वय बघावं. जे वकील, पत्रकार, शिक्षक आहेत त्यांनी या आजाराचं नाव उघडपणे घ्यावं. आणि जे यातलं काहीच नाहीत, बीए, बीकॉम करून नोकरी शोधत आहेत, त्यांच्याही घरात आई, आत्या, मामी, काकू आहेत. त्यांना थेट विचारणं मुलांना जड जाईल, तर बहिणीने, वहिनीने विचारावं. “काही त्रास आहे का?” असं विचारलं तर उत्तर “नाही” येतं. “खाली जड वाटतं का? काही बाहेर येतं का? लघवीला त्रास आहे का?” असं नेमकं विचारावं. तिने होय म्हटलं की रजा काढून तिला सोबत न्यावं. दवाखान्यातल्या अर्जावर जे लिहायचं ते आपण लिहावं, आणि डॉक्टर न तपासता चिठ्ठी लिहू लागले तर “आधी तपासा” हे आपण म्हणावं. आपली पदवी त्या खोलीत तिच्या बाजूने वापरता येते.

ज्यांच्या विटांवर, बीड्यांवर आणि उपाशी झोपण्यावर आपली फी भरली गेली, त्या बायकांचं शरीर घाण नव्हतं आणि नाही. ते थकलेलं आहे. थकलेल्या शरीराला विसावा आणि औषध लागतं.

जय भीम.